सुबाभळीचा शेंडा आणि त्याचे खाणारे

सुबाभळीचं नवं पान उमलण्याआधी मिटलेल्या पंख्यासारखं असतं. पर्णिका एकमेकींना बिलगलेल्या, रंग पोपटीच्याही अलीकडचा. त्या घडीच्या फटीत पिवळसर अंडी खोचलेली असतात, इतकी बारीक की चिमूटभर हळद सांडल्यासारखी वाटावीत. ती घालणारी मादी जेमतेम दोन मिलिमीटरची, हिरवट-पिवळी, बोट जवळ नेलं की टुणकन उडणारी. शास्त्रीय नाव हेटेरोसायला क्युबाना. शेतीच्या बोलीत नुसता सायला. लिंबू-संत्र्यावरच्या सायलाचा हा लांबचा भाऊबंद, पण याचा डोळा सुबाभळीवर आणि तिच्या जवळच्या नात्यातल्या झाडांवर.

१९८८ साली हा किडा भारतात पहिल्यांदा नोंदला गेला, तमिळनाडूत. पुढच्या काही महिन्यांत दक्षिणेतल्या सुबाभळीचे शेंडे झडू लागले. या प्रकरणात मला रस आहे तो एका वेगळ्याच कारणानं. सायलाला खाणारे तेव्हा झाडावर हजर होते. कोळी होते, ढालकिडे (लेडीबर्ड भुंगेरे) होते, जाळीदार पंखांचा क्रायसोपा हा किडा होता. सगळे पोटभर खात होते. तरी शेंडे बोडके झाले. खाणारे आहेत आणि खाणं चालू आहे, तर मग कीड का वाढते?

एकाच मुशीतलं झाड

आधी झाडाकडे बघू, कारण निम्मी गोष्ट तिथेच आहे. सुबाभळीची बुटकी, झुडपासारखी जात आपल्याकडे जुनीच. पण १९७०च्या दशकात हवाईहून आलेली उंच, सरळसोट वाणं वेगळी होती. महाराष्ट्रात त्यांचा प्रसार झाला तो प्रामुख्यानं उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या 'बाएफ' संस्थेमुळे. जनावरांना चारा, चुलीला सरपण, कागद गिरणीला लगदा, शिवाय जमिनीला नत्र. बांधावर, माळावर, गावाच्या पडीक जागेवर, सगळीकडे सुबाभूळ. तेव्हाच्या उत्साहाला आज नावं ठेवणं सोपं आहे. पण दुष्काळी भागात कोरड्या उन्हाळ्यात हिरवा पाला देणारी झाडं किती होती, हेही आठवायला हवं.

गोम अशी, की ही सुबाभूळ स्वतःच्याच परागानं बी धरते. चांगलं उत्पन्न देणारं एक झाड निवडलं, त्याचं बी पसरलं, की हजारो एकरांवर जवळजवळ एकाच मुशीतली झाडं उभी राहतात. 'के-८' हे गाजलेलं वाण असंच. अशा रानात एखाद्या किड्याला एक झाड मानवलं म्हणजे सगळीच मानवली. शिवाय चाऱ्यासाठी फांद्या पुन्हा पुन्हा छाटल्या जातात आणि प्रत्येक छाटणीनंतर कोवळी फूट येते. सायला नेमका कोवळ्या फुटीवरच अंडी घालतो. म्हणजे आपण दर काही आठवड्यांनी त्याचं ताट वाढून ठेवत होतो.

किडा मूळचा मध्य अमेरिका-कॅरिबियन भागातला. तिथे सुबाभूळही होती आणि सायलाही, पण बोभाटा नव्हता. १९८३च्या अखेरीस तो फ्लोरिडात दिसला, १९८४ मध्ये हवाईत, १९८५ मध्ये फिलिपाइन्समध्ये, १९८६ मध्ये इंडोनेशिया, थायलंड, ऑस्ट्रेलिया. १९८८ ला भारत, १९९२ ला पूर्व आफ्रिका. दहा वर्षांच्या आत त्यानं अर्धी पृथ्वी पालथी घातली. इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या बेटांवर जनावरांचा चाराच गेला. कॉफी-कोकोच्या मळ्यांत सुबाभूळ सावलीसाठी लावली होती, ती सावली गेली.

शेंड्यावर कोण काय खातं

लागण झालेला शेंडा भिंगाखाली धरला की पहिल्यांदा चिकटपणा जाणवतो. पिल्लं रस शोषतात, त्यातली जास्तीची साखर मागून थेंबाथेंबानं सोडतात. त्यावर काळी बुरशी चढते, पानाला काजळी धरल्यासारखं होतं. पिल्लं चपटी, फिकट, घडीच्या आत दाटीवाटीनं बसलेली. प्रौढ मात्र कोवळ्या देठावर ओळीनं, डोकं खाली आणि बूड वर करून. धक्का लागला की सगळी ओळ हवेत.

आता खाणारे. जाळं विणणारे छोटे कोळी दोन फांद्यांच्या बेचक्यात बसतात. त्यांच्या जाळ्यात सापडतात ते उडते प्रौढ. जाळ्यावर सुकलेले पारदर्शक पंख चिकटलेले दिसतात, कधी पाच-सहा, कधी इतके की जाळं धुळकट वाटावं. पण घडीत बसलेली पिल्लं जाळ्यात कशी येणार? ती चालतच नाहीत फारशी. जाळ्याच्या कोळ्याच्या दृष्टीनं पिल्लू म्हणजे फांदीचाच एक भाग.

दुसरे, जाळं न विणणारे. उड्या मारणारा कोळी बाजूच्या डोळ्यांनी हालचाल टिपतो, पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी भक्ष्य न्याहाळतो, मागे एक धागा चिकटवून झेप घेतो, आणि नेम चुकला तर त्याच धाग्यानं लोंबकळत परत येतो. काटेरी पायांचा ऑक्सिओपीस कोळी पानावर दबा धरून असतो. हे दोघं प्रौढही पकडतात आणि उघड्यावर आलेलं मोठं पिल्लूही. पण त्यांचीही मर्यादा तीच: हललं तर दिसलं.

ढालकिड्यांचं काम निराळं. सहा ठिपक्यांचा म्हणून ओळखला जाणारा (ठिपके कसले, नागमोडी पट्टेच ते) आपला नेहमीचा ढालकिडा माव्यावर जगतो, पण सायला दिसला तर सोडत नाही. त्याची अळी घडीत डोकं घालून एकामागून एक पिल्लं फस्त करत जाते. तिला भक्ष्य हलायची गरज नाही, ती चाचपडत जाते आणि तोंडाला लागेल ते खाते. क्रायसोपाची अळीही तशीच, फक्त तिच्या विळ्यासारख्या जबड्यांतून रस ओढून घेतला जातो आणि मागे नुसती सालपटं उरतात. अळीची आई अंडी मात्र एकेका केसासारख्या दांडीवर टांगून ठेवते, म्हणजे आधी बाहेर आलेल्या भावंडानं बाकीची खाऊ नयेत.

म्हणजे वाटणी बघा. प्रौढांवर मारा करणारे कोळी, पिल्लांवर मारा करणाऱ्या अळ्या. कागदावर हे सैन्य भक्कम वाटतं. मध्ये मुंग्या येतात तिथे गणित बिघडतं. चिकट्यासाठी हपापलेल्या मुंग्या ढालकिड्यांना आणि त्यांच्या अळ्यांना हुसकावून लावतात. आणि कोळी? कोळ्याला शत्रू-मित्र कळत नाही. जाळ्यात क्रायसोपा सापडला तर तोही जातो. एका शेंड्यावर 'मित्रकीड' म्हणून ज्यांची मोजदाद होते ते एकमेकांनाही खातात, हे शिफारशीच्या पत्रकांत क्वचितच लिहिलेलं असतं.

तोंडं किती, ताटं किती

१९५९ मध्ये सी. एस. हॉलिंग या कॅनडातल्या परिसरशास्त्रज्ञानं एक मजेदार प्रयोग छापला. टेबलावर सॅंडपेपरच्या चकत्या टाचलेल्या. डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस बोटानं टेबल चाचपतो, चकती लागली की उचलून बाजूला ठेवतो, पुन्हा चाचपतो. चकत्या विरळ असताना त्या दुप्पट केल्या की उचललेल्या चकत्याही जवळपास दुप्पट होतात. पण चकत्या दाट झाल्या की आकडा एका जागी अडतो. कारण आता वेळ शोधण्यात जात नाही, उचलून ठेवण्यात जातो. टेबल चकत्यांनी भरून टाका, हाताचा वेग तोच.

कोळ्याचं असंच असतं. भक्ष्य पकडायचं, गुंडाळायचं, पाचकरस सोडून आतून पातळ करायचं, मग शोषायचं. त्यात पोट भरलं की कोळी जाळ्यात अडकलेल्याकडे बघतही नाही. सायला विरळ असतो तेव्हा कोळी त्याचा लक्षणीय हिस्सा उचलतो. सायला माजला की तोच कोळी तेवढेच किडे खातो आणि हिस्सा मात्र नगण्य होतो.

मग उरतो दुसरा मार्ग: खाणाऱ्यांची संख्या वाढणं. इथे वेळापत्रकं भिडतात. उबदार, पण फार कडक नाही अशा हवेत सायलाची पिढी दोन आठवड्यांच्या आसपास पुरी होते आणि एक मादी शेकड्यांनी अंडी घालू शकते. उदाहरणादाखल अगदी हात आखडून हिशेब करू. एका मादीची चाळीसच पिल्लं जगली, त्यातल्या निम्म्या माद्या, तर पुढची पिढी वीसपट. दोन पिढ्यांत, म्हणजे महिन्याभरात, चारशेपट. कोळ्याला मोठं व्हायला महिने लागतात, बऱ्याच जातींना वर्ष. शिवाय एका शेंड्यावर कोळी दाटीनं राहत नाहीत. जागा कमी पडली की मोठा लहानाला खातो, किंवा पिल्लं धागा सोडून वाऱ्यावर निघून जातात. कोळ्यांची संख्या सायलाच्या मागे धावूच शकत नाही.

ढालकिडे धावू शकतात, पण उशिरा निघतात. सहा ठिपक्यांचा ढालकिडा अंडी घालतो तो भक्ष्य दाट दिसल्यावरच. पातळ असेल तर उडून माव्याच्या शोधात जातो. म्हणजे शेंड्यावर त्याची अळी दिसायला लागेपर्यंत सायलाच्या एक-दोन पिढ्या उरकलेल्या असतात. पान तोवर झडलेलं असतं. मग भक्ष्य संपतं, ढालकिडा निघून जातो, फांदी नवी फूट काढते आणि पुन्हा पहिल्यापासून.

माझं म्हणणं इथे आहे. 'हा मित्रकीटक दिवसाला इतके किडे खातो' हा आकडा आपण फार कौतुकानं सांगतो. तो बहुतेकदा काचेच्या बशीत, उपाशी ठेवलेल्या किड्यापुढे भक्ष्याचा ढीग टाकून काढलेला असतो. झाडावर प्रश्न वेगळा असतो: भक्ष्य जवळपास नसताना हा कुठे असतो? जो कमी खातो पण त्या काळातही झाडावर टिकून राहतो, त्याची किंमत अधाशी पाहुण्यापेक्षा जास्त असू शकते. कोळी या कसोटीला उतरतो. तो आठवडे उपाशी राहू शकतो, सायला नसेल तर चिलटांवर दिवस काढतो, आणि पहिला प्रौढ उडत आला तेव्हा तो जागेवर असतो. फक्त घडीतल्या पिल्लांपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

निळा भुंगेरा

हवाईत सायला पोचला तेव्हा तिथे क्युरिनस सेरुलियस नावाचा ढालकिडा आधीच होता. मेक्सिकोतून १९२२ मध्ये आणलेला, तोही नारळावरच्या पिठ्या ढेकणासाठी. साठ वर्षं तो तिथे कुणाच्या खिजगणतीत नसल्यासारखा होता. सुबाभळीवर सायला माजला आणि हा त्यावर तुटून पडला. रंग गडद धातूसारखा निळा, डोक्याच्या मागच्या ढालीला दोन्ही बाजूंनी केशरी ठिगळ. अळी काळपट, अंगभर फाटे फुटलेले काटे, बघून हात लावावासा वाटणार नाही अशी.

हवाईतून तो आशियात गेला. भारतात १९८८ मध्येच, म्हणजे सायला दिसला त्याच वर्षी, थायलंडहून बंगळुरूला आणला गेला, प्रयोगशाळेत वाढवला, मग सोडला. बंगळुरूच्या परिसरात तो रुजला. सरकारी कामात इतकी तत्परता दिसली की नोंद करावीशी वाटते. त्रिनिदादहून सायलाच्या पिल्लांत अंडी घालणारी चिमुकली गांधीलमाशीही काही देशांनी नेली. सायलेफॅगस यासीनी असं तिचं नाव. तिच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण तिचं काम खाण्याचं नाही, आतून पोखरण्याचं आहे.

क्युरिनसची वाढ संथ. अंड्यापासून प्रौढ व्हायला सायलापेक्षा बराच जास्त वेळ. बशीतल्या शर्यतीत तो देशी ढालकिड्याकडून हरेल. पण प्रौढ महिनोन् महिने जगतो, आणि सायला कमी झाला तर मावा, पिठ्या असं मिळेल त्यावर भागवून त्याच झाडोऱ्यात राहतो. म्हणजे त्याच्यात कोळ्याचा चिवटपणा आहे आणि घडीत डोकं घालणारी अळीही. या किड्याचं यश मला त्या जोडीत दिसतं, त्याच्या भुकेत नाही.

श्रेय कुणाचं

पहिल्या लाटेनंतर बहुतेक ठिकाणी सायलाचा जोर ओसरला. हे क्युरिनसमुळे, असं लिहून मोकळं होता येत नाही. आपल्याकडे सायला थंडीत माजतो आणि कडक उन्हाळ्यात आपोआप कोसळतो. पारा चढला की त्याची अंडी-पिल्लं तग धरत नाहीत. फेब्रुवारीत भुंगेरे सोडले आणि मे महिन्यात कीड उतरली, तर पाठ कुणाची थोपटायची, भुंगेऱ्याची की उन्हाची? फेब्रुवारी-मेचं उदाहरण माझं, पण असा गोंधळ अशा प्रत्येक प्रकरणात होतो. सोडण्याची वेळ माणूस कीड कळसाला असताना निवडतो, आणि कळसानंतर उतारच असतो.

श्रेय तपासायची जुनी युक्ती म्हणजे पिशवी. काही शेंड्यांवर बारीक जाळीची पिशवी बांधायची, आत सायला ठेवायचा, खाणारे बाहेर. शेजारचे शेंडे उघडे. काही आठवड्यांनी दोन्हीकडची पिल्लं मोजायची. पिशवीत जास्त निघाली तर खाणाऱ्यांचा हात आहे म्हणायचं. पण पिशवीत सावली होते, वारा अडतो, आणि मुख्य म्हणजे उडून जाणारे प्रौढ बाहेर पडू शकत नाहीत, तिथेच पुन्हा अंडी घालतात. खाणारे असोत-नसोत, आकडा फुगतो. म्हणून तिसरा गट लागतो: तीच पिशवी, पण दोन्ही टोकांनी उघडी. हा तिसरा गट नसलेला प्रयोग वाचला की मी आकडे वाचायचे थांबवतो.

कोळ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण. ढालकिड्याचं पोट फाडलं तर आत तुकडे सापडतात. कोळ्याच्या पोटात फक्त द्रव. त्यानं काय खाल्लं हे अलीकडे त्या द्रवातल्या डीएनएवरून ओळखतात. सायलाचा डीएनए सापडला म्हणजे कोळ्यानं तो खाल्ला, इतकं कळतं. एक खाल्ला की दहा, हे कळत नाही. आणि सायला खाल्लेला दुसरा कोळी त्यानं खाल्ला असेल, तरी उत्तर 'होय' असंच येतं. त्यामुळे अशा हिशेबांत कोळ्यांच्या वाट्याला 'सर्वसाधारण भक्षक' अशी एक ओळ येते आणि बाकीचा कागद ज्याला मोजता येतं त्या ढालकिड्याचा असतो.

फवारणीचा पर्याय होता, पण चाऱ्याच्या झाडावर आंतरप्रवाही औषध मारून तोच पाला गाईपुढे टाकणार कसा? आणि फवारा सगळ्यात आधी उघड्यावरच्यांना लागतो, म्हणजे कोळ्यांना आणि भुंगेऱ्यांना. घडीतलं अंडं सुखरूप. पंधरा दिवसांनी शेंडा पुन्हा भरलेला, या वेळी पहारेकऱ्यांविना.

शेवटी मोठा फरक पडला तो झाड बदलल्यानं. सुबाभळीच्या नात्यातल्या ल्युसिना पॅलिडा या जातीला सायला फारसा लागत नाही. तिच्याशी संकर करून हवाईत वाणं तयार झाली. ऑस्ट्रेलियात त्याच वाटेनं पुढे जाऊन २०१९ मध्ये 'रेडलँड्स' नावाचं प्रतिकारक वाण बाजारात आलं. किडा पोचल्यापासून तेहतीस वर्षांनी. झाडांच्या पैदाशीला घाई चालत नाही.

या सगळ्यात एक गंमत राहिलीच. मधल्या काळात सुबाभळीचं नाव जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक घुसखोर जातींच्या यादीत गेलं. दक्षिण आफ्रिकेत तिला आवर घालायला बिया पोखरणारा भुंगेरा मुद्दाम सोडला गेला. ज्यांना सुबाभूळ तण वाटते त्यांच्या लेखी सायला हाच मित्रकीटक, आणि त्याला खाणारा कोळी शत्रुपक्षातला.

थंडीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या सुबाभळीचा शेंडा वाकवून पांढऱ्या कागदावर झटका. आधी हिरवट ठिपके टुणटुण उडून जातील. मग कागदावर चिकट थेंब, काही सालपटं, एखादी मुंगी. निळा भुंगेरा दिसेलच असं नाही. सगळं पडून झाल्यावर, कागद सरळ करता करता, एक तांदळाएवढा कोळी कडेवरून धागा सोडत खाली उतरेल आणि पुन्हा शेंड्याकडे चढायला लागेल.